उरुशीचे कारागीर आणि त्यांची हत्यारे



आजच्या विषयाला एका शब्दापासून सुरुवात करणे सोयीचे होईल. काळ्या किंवा तांबड्या तकतकीत रोगणाच्या जपानी पेट्या, वाट्या आणि तबके यांना इंग्रजीत ‘लॅकर’ म्हणतात. हा शब्द इंग्रजांना पोर्तुगिजांच्या मार्फत मिळाला आणि पोर्तुगिजांना तो हिंदुस्थानात सापडला. मूळ शब्द आपला ‘लाख’, संस्कृतात ‘लाक्षा’. सोळाव्या शतकात गोव्याहून मकाव आणि मकावहून नागासाकी असा प्रवास करणाऱ्या पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी जपानी रोगण पाहिले, आणि हिंदुस्थानात ऐकलेले नाव त्याला लावून टाकले.

शब्द आपला खरा, पण वस्तू मात्र अगदी निराळी. आपली लाख ही पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणाऱ्या एका किड्याचा स्राव आहे. ती उष्णतेने वितळते. सावंतवाडीचा कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतो, तेव्हा घर्षणाच्या उष्णतेनेच ती मऊ होऊन लाकडावर बसते. लाख किती चटकन पेट घेते हे आपल्याला महाभारतातल्या लाक्षागृहापासून ठाऊक आहे. जपानी रोगण, ज्याला तिकडे ‘उरुशी’ म्हणतात, ते किड्यापासून नव्हे तर एका झाडाच्या चिकापासून होते. एकदा ते घट्ट झाले की उष्णतेने वितळत नाही, पाण्याने विरघळत नाही, आणि साध्या आम्लांनाही दाद देत नाही. कढत सूप वाढायची वाटी त्याचीच करतात आणि मंदिराचे खांबही त्यानेच रंगवतात.

या रोगणाविषयी बोलताना सामान्यतः त्याच्या सौंदर्याची वर्णने केली जातात. मी आज थोड्या वेगळ्या वाटेने जाणार आहे. संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात वस्तू दिसते. ती ज्या हत्यारांनी घडली ती हत्यारे दिसत नाहीत, आणि ती हत्यारे घडवणारा मनुष्य तर मुळीच दिसत नाही. उरुशीच्या कलेचा इतिहास नीट वाचला तर तो बराचसा या न दिसणाऱ्या माणसांचा इतिहास आहे, असे आढळून येईल.

प्रथम झाडाकडे वळू. उरुशीचे झाड चीन, कोरिया आणि जपान या देशांत होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते आपल्या आंब्याचे, काजूचे आणि विशेषतः बिब्ब्याचे भाऊबंद आहे. हे नाते केवळ कागदावरचे नाही. कच्च्या कैरीचा चीक ओठाला लागला की ओठ सुजतो, काजूच्या टरफलातले तेल हाताला लागले की कातडी सोलते, आणि बिब्बा उतला म्हणजे काय होते हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. या सर्वांच्या चिकात एकाच जातीची द्रव्ये आहेत. उरुशीतल्या द्रव्याला शास्त्रज्ञ ‘उरुशिओल’ म्हणतात. नव्या उमेदवाराला उरुशी हमखास उतते. तोंड सुजते, हातांना फोड येतात. पुष्कळांच्या अंगाला ती पुढे हळूहळू सोसू लागते. धोब्याने कपड्यावर बिब्ब्याची केलेली खूण कितीही धुतली तरी जात नाही, हे आपण पाहिले आहे. त्याच गुणाचा उपयोग जपानी माणसाने हजारो वर्षे केला.

हजारो वर्षे हा शब्द मी सैलपणाने वापरलेला नाही. फुकुइ प्रांतातील तोरिहामा या पुराणवस्तूंच्या स्थळी उरुशीच्या झाडाचा जो लाकडाचा तुकडा सापडला, त्याचे वय सुमारे १२,६०० वर्षे ठरले आहे. त्याच ठिकाणी १९७५ साली तांबड्या उरुशीने रंगवलेली एक लाकडी फणी मिळाली. ती सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे भातशेती जपानात पोचण्याच्या कितीतरी आधी, शिकार करून आणि मासे पकडून राहणारी माणसे या झाडाचा चीक काढत होती, त्यात तांबडा रंग खलत होती आणि केसांत खोवायची फणी त्याने सजवत होती. पुढे चीन आणि कोरिया या देशांकडून जपानने या कलेत पुष्कळ शिकून घेतले, यात शंका नाही. परंतु तिचे मूळ त्या मातीत फार खोल गेलेले होते.

चीक काढणे हे काम वाटते तितके सोपे नाही. झाड दहा ते पंधरा वर्षांचे झाले की ते कामाला येते. जून महिन्यात चीक काढणारा रानात शिरतो आणि शरद ऋतू सरेपर्यंत तेथेच राबतो. त्याची हत्यारे थोडी, पण नेमकी असतात. एक वाकडा विळा. याने झाडाची खडबडीत साल तासून गुळगुळीत करायची. दुसरे ‘कन्ना’ नावाचे दुतोंडी हत्यार; त्याच्या एका टोकाला वाकवलेले पाते असते, त्याने सालीत आडवी खाच पाडायची, आणि दुसऱ्या टोकाला अणकुचीदार सुरी असते, तिने त्या खाचेच्या पोटात बारीक चीर द्यायची. तिसरी एक पट्टी. तिने पाझरलेला चीक खरवडून घ्यायचा. चौथे एक पंचपात्राएवढे भांडे. खाच उथळ पडली तर चीक येत नाही, खोल पडली तर झाड अकाली मरते. आज खाच पाडलेल्या झाडाला मध्ये चार दिवस विसावा द्यायचा आणि मग पहिल्या खाचेच्या वर थोडी लांब दुसरी खाच पाडायची. असे करता करता हंगामाच्या शेवटी बुंध्यावर शिडीसारख्या पायऱ्या दिसू लागतात.

आणि एवढ्या खटाटोपानंतर एका झाडापासून मिळतो किती? सुमारे दोनशे ग्रॅम, म्हणजे पावशेरापेक्षाही कमी. इतके दिल्यानंतर ते झाड तोडून टाकतात. या पद्धतीला जपानीत ‘मारून काढणे’ अशाच अर्थाचे नाव आहे. तोडलेल्या खोडाला नवे फुटवे येतात, त्यांतला एक राखतात, आणि पुन्हा दहा-पंधरा वर्षे वाट पाहतात. ज्याने रोप लावले त्याच्या हाती चीक येईलच असे नाही. बहुधा तो त्याच्या मुलाच्या हाती येतो. म्हणूनच जपानच्या जुन्या राज्यकर्त्यांनी ही गोष्ट लोकांच्या मर्जीवर सोडली नाही. आठव्या शतकातल्या कायद्याच्या संहितेत प्रत्येक कुटुंबाने उरुशीची झाडे किती लावावी याचा आकडाच दिलेला आहे: मोठ्या कुटुंबाने १००, मधल्याने ७०, लहानाने ४०, आणि तीही पाच वर्षांच्या आत. तुतीच्या जोडीने उरुशीलाही हा मान मिळाला. तुतीवर रेशीम अवलंबून आणि उरुशीवर देवालये, शस्त्रे आणि राजवाड्यातील भांडी.

आता या चिकाचा एक विलक्षण गुण सांगतो. ओली वस्तू उन्हात किंवा वाऱ्यावर वाळते, असा आपला रोजचा अनुभव. उरुशीची तऱ्हा याच्या उलट आहे. ती कोरड्या हवेत दिवसचे दिवस चिकट राहते आणि दमट, उबदार हवेत घट्ट होते. याचे कारण असे की, ती वाळत नाहीच. चिकात असलेल्या एका किण्वद्रव्याच्या साहाय्याने ती हवेतला प्राणवायू घेते आणि तिचे कण एकमेकांत गुंफले जातात. या क्रियेला सुमारे सत्तर ते पंच्याऐंशी टक्के आर्द्रता लागते. हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली हे किण्वद्रव्य प्रथम दाखवून दिले. परंतु योशिदांच्या आधी शेकडो वर्षे कारागिरांनी आपली सोय लावून घेतलेली होती. प्रत्येक कारखान्यात एक लाकडी कपाट असते. त्याच्या फळ्या आतून ओल्या फडक्याने पुसायच्या आणि रोगण दिलेल्या वस्तू त्यात ठेवून दार लावायचे. या कपाटाला ‘फुरो’ म्हणतात. जपानीत न्हाणीघरालाही हाच शब्द आहे. आपल्याकडे पावसाळ्यात पापड वाळत नाहीत म्हणून गृहिणी त्रासते. जपानी कारागीर नेमक्या त्याच हवेची वाट पाहत असतो.

सातव्या आणि आठव्या शतकांत बौद्ध धर्माबरोबर या कलेला राजाश्रय मिळाला. नारा येथील कोफुकुजी मंदिरात आशुराची, म्हणजे आपल्या ‘असुरा’ची, तीन तोंडांची आणि सहा हातांची मूर्ती आहे. ती ७३४ सालची. उंची सुमारे दीड मीटर. पाहणाऱ्याला ती लाकडाची वाटते. वास्तविक ती पोकळ आहे. मातीच्या आकारावर उरुशीत भिजवलेले तागाचे कापड थरावर थर चढवायचे, ते घट्ट झाल्यावर आतली माती काढून टाकायची, आणि आतून लाकडी आधार द्यायचा, अशी तिची रचना आहे. वजनाला हलकी असल्यामुळे अशी मूर्ती आग लागली असता उचलून बाहेर नेता येते. कोफुकुजीला अनेकदा आगी लागल्या. मूर्ती आजही उभी आहे.

परंतु ही कला केवळ राजवाड्याची आणि देवळाची नव्हे. तिचा खरा कस लागतो तो साध्या वाटीत. होन्शू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रात घुसलेले नोतो नावाचे द्वीपकल्प आहे. त्याच्या टोकाशी वाजिमा हे गाव आहे. तिथली उरुशीची भांडी मजबुतीसाठी सर्व जपानात नावाजलेली. एक वाटी पुरी व्हायला शंभरावर क्रिया लागतात आणि त्या एका माणसाच्या हातून होत नाहीत. कातारी लाकूड कातून वाटी करतो. दुसरा तिच्या काठाला आणि बुडाला, म्हणजे जिथे ती पहिल्याने फुटेल त्या जागांना, उरुशीने कापडाच्या पट्ट्या चिकटवतो. मग त्यावर लुकणाचे थर येतात. वाजिमाच्या टेकडीत एक विशेष माती मिळते. सूक्ष्म जलवनस्पतींच्या सांगाड्यांपासून ती बनलेली आहे. ती भाजून, दळून उरुशीत कालवली की दगडासारखा पाया तयार होतो. प्रत्येक थर फुरोत ठेवायचा, घट्ट झाला की घासायचा, पुन्हा दुसरा थर. हे सर्व अंती झाकले जाणार असते. विकत घेणाऱ्याला दिसतो तो वरचा एक पातळ पापुद्रा.

इथे हत्यारे पाहण्यासारखी आहेत. लुकण लावायची लाकडी पट्टी, ‘हेरा’, बाजारातून आणीत नाहीत. कारागीर स्वतः सुरीने ती तासतो, वाटीच्या वळणाला जुळेल अशी तिची धार करतो, आणि झिजली की पुन्हा तासतो. उमेदवाराला पहिल्याने शिकावे लागते ते रोगण देणे नव्हे; सुरीला धार लावणे आणि पट्टी तासणे. ज्याला आपले हत्यार घडवता येत नाही त्याच्या हाती उरुशी द्यायची नाही, असा हा रिवाज आहे.

शेवटचा थर देणाऱ्याचा कुंचला तर आणखी नवलाचा. तो माणसाच्या केसांचा असतो. उरुशी मधासारखी दाट. जनावराचा मऊ केस तिच्यापुढे नमतो. म्हणून लांब, सरळ, तेल न लावलेला स्त्रीचा केस घ्यायचा. समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या बायकांचे केस उत्तम, असे जुने कारागीर मानीत. हे केस एकसारखे विंचरून, चिकटद्रव्याने घट्ट करून, हिनोकी लाकडाच्या पातळ फळ्यांत चहूबाजूंनी बसवतात. केस कुंचल्याच्या टोकापासून बुडापर्यंत सलग जातात. टोक झिजले की पेन्सिलीप्रमाणे लाकूड तासायचे, आतला केस उघडा करायचा, ठेचून मऊ करायचा, की नवा कुंचला तयार. असा एक कुंचला कारागिराला आयुष्याचा बराच काळ पुरतो.

रोगण देण्यापूर्वी उरुशी गाळावी लागते. त्यासाठी नारा प्रांतातील योशिनो येथे हाताने केलेला अतिशय पातळ कागद वापरतात. रोगण देण्याची खोली बंद असते, कारण धुळीचा एक कण पडला तरी काम बिघडते. पडलाच तर पक्ष्याच्या पिसाची दांडी अणकुचीदार करून तिच्या टोकाने तो उचलून घेतात. मग चकाकी आणायची. त्यासाठी विशिष्ट झाडांचा, विशिष्ट रीतीने भाजलेला मऊ कोळसा पाण्यात भिजवून त्याने पृष्ठभाग घासतात. त्यानंतर हरणाच्या शिंगाची राख तेलात कालवून ती बोटाने आणि तळहाताने चोळतात. शेवटचे हत्यार म्हणजे माणसाच्या हाताची कातडी. तिच्याहून मऊ घासणी अजून कोणाला सापडलेली नाही.

याच काळ्या आरशासारख्या पृष्ठभागावर सोन्याची चित्रे काढण्याची कला म्हणजे ‘माकिए’. शब्दाचा अर्थ ‘शिंपडलेले चित्र’. ओल्या उरुशीने रेघ काढायची आणि ती घट्ट होण्यापूर्वी तिच्यावर सोन्याची पूड भुरभुरायची. आपल्याकडे रांगोळीत रंग भरतात तशी. पूड टाकण्यासाठी बोरूची किंवा पिसाची नळी घेऊन तिच्या तोंडाला रेशमी कापड बांधतात आणि बोटाने टिचक्या मारतात. रंग ठेवण्याची तबकडी कारागीर डाव्या अंगठ्याच्या नखावर बसवतो. ती शिंगाची असते. उजळा द्यायला मासळीचा दात काठीला बसवतात.

रेघ काढण्याच्या कुंचल्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. केसासारखी बारीक आणि वीतभर लांब रेघ एका दमात ओढायची, तीही दाट उरुशीने. त्यासाठी उंदराच्या पाठीवरचे लांब केस लागतात. गणपतीच्या वाहनाचा असा उपयोग आपल्या कल्पनेतही आला नसता! तेही कोणत्याही उंदराचे चालत नाहीत. केसाच्या अगदी टोकाचा पारदर्शक भाग शाबूत हवा. जुन्या काळी जहाजांवर आणि धान्याच्या कोठारांत राहणाऱ्या उंदरांचे केस पसंत करीत. शहरातला उंदीर सिमेंटच्या फटींतून पाठ घासत फिरतो. त्याच्या केसांची टोके झिजलेली असतात. लाकडी गलबते गेली, जुनी कोठारे गेली, आणि त्यांच्याबरोबर हा उंदीरही दुर्मिळ झाला. मांजराच्या केसांचे कुंचले वापरून आज पुष्कळजण निभावून नेतात. पण जुन्या कामाची दुरुस्ती करताना मूळची रेघ आणि आजची रेघ यांतला फरक जाणत्याच्या नजरेतून सुटत नाही. एका प्राण्याची राहणी बदलली आणि एका कलेची रेघ जाडी झाली.

माकिएचा बहर बाराव्या शतकापासून दिसतो. हिराइझुमी येथील चुसोन्जी मंदिराचा सुवर्णमंडप ११२४ सालचा. त्याच्या खांबांवर उरुशी, सोन्याची पूड आणि शिंपल्याचे जडावकाम आहे. पुढे शोगुनांच्या काळात या कलेची घराणी झाली. आपल्याकडे गायकीची असतात तशी, बापाकडून मुलाकडे जाणारी. त्यांतील कोआमी घराण्याच्या नागाशिगे याने शोगुन इएमित्सु याच्या चियोहिमे नावाच्या मुलीसाठी आंदणाचे सामान केले. पेट्या, आरसे, लेखनाच्या पेटिका असा तो मोठा संच आज नागोया येथील तोकुगावा संग्रहालयात आहे. १६३९ साली लग्न झाले तेव्हा नवरी दोन-अडीच वर्षांची होती. सामान सांगितले होते तिच्या जन्माच्या वर्षीच, कारण काम घाईने होणारे नव्हते.

घाई केली म्हणजे काय होते, याचा दाखला परदेशी व्यापारातच मिळतो. १५७१ साली पोर्तुगिजांसाठी नागासाकी बंदर उघडले. पुढची साठेक वर्षे त्यांच्या सांगण्यावरून पेट्या, कपाटे, ख्रिस्ती धर्मग्रंथ ठेवण्याची घडीची व्यासपीठे अशा वस्तू तयार होऊ लागल्या. त्यांवर शिंपल्याचे दाट जडावकाम असे. त्यात गुजरातच्या शिंपलाकामाचा प्रभाव अभ्यासकांना दिसतो. या वस्तू गोव्याच्या वाटेने युरोपात गेल्या. वरून त्या फार देखण्या होत्या. परंतु आज त्यांचे सूक्ष्म तुकडे तपासले असता असे दिसते की, पुष्कळ वस्तूंच्या पायात उरुशीऐवजी सरस आणि माती वापरलेली आहे. जहाज सुटण्याची तारीख ठरलेली, मागणी मोठी, आणि झाकले जाणारे कोण पाहतो? काळाने मात्र पाहिले. त्या वस्तूंचे पापुद्रे सुटू लागले. याउलट १८७४ सालची हकीकत पाहा. व्हिएन्नाच्या प्रदर्शनाहून परतणारा माल घेऊन येणारे ‘नील’ नावाचे फ्रेंच जहाज इझुच्या किनाऱ्याजवळ बुडाले. पुढच्या वर्षी त्यातल्या काही पेट्या वर काढल्या, तेव्हा खाऱ्या पाण्यात इतके महिने राहूनही उरुशीच्या उत्तम वस्तू फारशा बिघडलेल्या नव्हत्या. पाया खरा असला म्हणजे समुद्रही हरतो.

एव्हाना जपानमध्ये राज्यक्रांती झाली होती. १८६८ नंतर सरदारांची वतने गेली आणि त्यांच्या आश्रयाने जगणारे माकिएचे कारागीर उघडे पडले. काहींनी परदेशी प्रदर्शनांसाठी काम केले, काही धंदा सोडून गेले. चीनमधून स्वस्त चीक येऊ लागला आणि जपानी झाडांची लागवड घटली. विसाव्या शतकात प्लॅस्टिकच्या वाट्या आल्या आणि लांबून त्या उरुशीसारख्याच दिसू लागल्या. वाजिमाचे व्यापारी पूर्वी घरोघर फिरून, आपल्याकडच्या भिशीसारख्या मंडळ्या जमवून, शेतकऱ्यांनाही हप्त्याने वाट्यांचे संच विकीत. ती पद्धतही मागे पडली.

१९४९ च्या जानेवारीत होर्युजी मंदिराच्या सुवर्णगृहाला आग लागून तेथील प्राचीन भित्तिचित्रे जळाली. राष्ट्र हादरले आणि १९५० साली सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याचा विशेष असा की, केवळ वस्तू नव्हे, तर हातातले कसबही राष्ट्राचा ठेवा आहे, हे त्याने मान्य केले. १९५५ पासून श्रेष्ठ कारागिरांना त्या कसबाचे धारक म्हणून गौरवण्यास आरंभ झाला. लोक त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. कानाझावाचे गोनरोकु मात्सुदा हे माकिएसाठी त्या पहिल्या वर्षीच निवडले गेले.

परंतु वीस वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. माकिएच्या श्रेष्ठ कलावंताचा सन्मान केला, त्याला मानधन दिले, त्याने शिष्य तयार केले. पण कुंचला करणारा म्हातारा निपुत्रिक वारला आणि त्याचे कसब त्याच्याबरोबर गेले, तर त्या सन्मानाचा काय उपयोग? कोळसा भाजणारा थांबला तर चकाकी कशी आणणार? कन्ना घडवणारा लोहार उरला नाही तर चीक कशाने काढणार? म्हणून १९७५ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्या कामांवाचून कलेचे आणि वास्तूंचे जतन अशक्य आहे, अशा कामांनाही सरकारी मान्यता देण्याची तरतूद झाली. पुढे त्या यादीत चीक काढणे आले, चीक काढण्याची हत्यारे घडवणे आले, उरुशीचे कुंचले आले, माकिएचे कुंचले आले, घासण्याचा कोळसा आला आणि गाळण्याचा कागदही आला. लोहार, कोळसेवाला आणि कागदवाला हे कलावंताच्या पंक्तीला येऊन बसले. माझ्या मते कलांच्या इतिहासात ही फार मोठी घटना आहे, आणि तिची चर्चा फार थोडी होते.

या धोरणाला पुढची पायरीही आली. जपानात वापरल्या जाणाऱ्या उरुशीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक परदेशातून, मुख्यतः चीनमधून, येते. राष्ट्रीय ठेवा मानलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीत २०१८ पासून शक्यतो देशी उरुशीच वापरावी, असे सरकारने ठरवले. तेवढ्या कामासाठीच दरवर्षी सरासरी २.२ टन उरुशी लागेल, असा अंदाज निघाला. एका झाडाचे दोनशे ग्रॅम धरले तर वर्षाला अकरा हजार झाडे झाली, आणि प्रत्येक झाड दहा-पंधरा वर्षांचे! देशी उरुशीचा मोठा वाटा इवाते प्रांतातील जोबोजी या डोंगरी भागातून येतो. तेथे आता नव्याने रोपे लावली जात आहेत, तरुण मुले चीक काढण्याचे शिक्षण घेत आहेत. २०२० साली युनेस्कोने जपानच्या लाकडी वास्तूंच्या जतनाची सतरा कसबे मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवली. त्यांत उरुशीचे उत्पादनही आहे. आठव्या शतकातल्या कायद्याने जे सांगितले, तेच एकविसाव्या शतकाला पुन्हा सांगावे लागले: झाडे लावा.

आणि तरीही हे सर्व किती नाजूक आहे, याची प्रचीती लवकरच आली. १ जानेवारी २०२४ रोजी, नववर्षाच्या सणादिवशी दुपारी चारच्या सुमारास, नोतो द्वीपकल्पाला ७.६ प्रतीचा भूकंप झाला. वाजिमा गावात घरे कोसळली आणि पाठोपाठ लागलेल्या आगीत सकाळच्या बाजाराचा सगळा पेठभाग भस्मसात झाला. उरुशीची दुकाने गेली, कारखाने गेले. ज्यांची घरे उभी राहिली त्यांपैकी अनेकांना गाव सोडून दूर राहावे लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अतिवृष्टीने पुन्हा पूर आला. जिथे शंभर क्रिया निरनिराळ्या घरांत होतात, तिथे एक घर पडले तरी साखळी तुटते. कातारी एका गावी, लुकण देणारा दुसऱ्या गावी आणि कोळशाने घासणारी बाई तिसऱ्या गावी गेली, तर वाटी पुरी कोण करणार? गावातले कारागीर तात्पुरत्या जागांत पुन्हा कामाला बसले आहेत. एप्रिल २०२४ मध्ये जपानच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना वाजिमाच्या तरुण कारागिरांनी केलेले कॉफीचे पेले भेट दिले, याचे कौतुक झाले. परंतु पेल्याचे कौतुक करणे सोपे आहे. मोडलेला फुरो पुन्हा उभा करणे कठीण आहे.

आपल्याकडे खंडेनवमीला सुतार आपली करवत आणि रंधा धुऊन पुसून पाटावर मांडतो, लोहार ऐरणीला हळदकुंकू वाहतो. जपानात १३ नोव्हेंबर हा उरुशीचा दिवस मानतात. नवव्या शतकातल्या कोरेताका या राजपुत्राने क्योतोच्या होरिन्जी मंदिरात तप करून बोधिसत्त्वाकडून उरुशीची विद्या मिळवली, अशी कथा आहे. आणि त्या दिवशी कारागिरांना सुट्टी देऊन मालकाने गोडधोड देण्याची चाल होती. दोन्ही चालींच्या मुळाशी एकच जाणीव आहे. मात्र वर्षातून एक दिवस हत्याराला हळदकुंकू वाहून भागत नाही. हत्यार करणाऱ्याच्या घरी चूल पेटते का, त्याच्या मुलाला तो धंदा घ्यावासा वाटतो का, हे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस पाहावे लागते. जपानने हे फार उशिरा ओळखले, तरी ओळखले. आणि ओळखल्यावर कायद्यात लिहून ठेवले.

आपल्या गावातला कातारी, बुरूड, तांबट यांच्याकडे आपण कधी गेलो, तर त्याच्या मालाची किंमत विचारतो. पुढच्या खेपेस त्याला एवढेच विचारून पाहा, की तुझे हे हत्यार घडवतो कोण, आणि तो आज आहे का? उत्तर ऐकून आपल्याला कळेल, की त्या धंद्याचे आयुष्य आता किती उरले आहे.